सात दिवसांचं प्लास्टर आणि एकवीस दिवसांचं प्लास्टर

क्लबफूटच्या, म्हणजे जन्मतःच पाऊल आत वळलेल्या बाळाच्या आईवडिलांना दर आठवड्याच्या फेरीची सवय होऊन जाते. जुनं प्लास्टर निघतं, पाऊल आणखी थोडं बाहेर वळतं, नवं चढतं. आणि मग एक दिवस डॉक्टर सांगतात, ‘हे आता तीन आठवडे काढायचं नाही.’ लगेच पोटात गोळा येतो: काही बिघडलं का? थोड्या वेळाने उलटी शंका: तीन आठवडे चालत असेल, तर आधीची धावपळ कशाला केली?

दिसायला दोन्ही सारखीच. पायाच्या बोटांपासून थेट जांघेपर्यंत, गुडघा काटकोनात. काम मात्र निराळं.

आधीची प्लास्टरं ताणून धरण्यासाठी असतात. डॉक्टर इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात बसवलेल्या पद्धतीत खरी सुधारणा प्लास्टर नव्हे, हात करतो. डॉक्टर पाऊल हळुवार वळवतात, प्लास्टर ती जागा राखतं, आणि आतले आखडलेले अस्थिबंध (हाडांना हाडं बांधणारे पट्टे) त्या ताणाखाली सैल पडतात. याला पाच ते सात दिवस पुरतात. त्यापुढे प्लास्टर नुसतं बसून राहतं. पंधरा दिवस ठेवलं म्हणून दुप्पट सुधारणा होत नाही. काही ठिकाणी आठवड्यातून दोनदासुद्धा बदलतात. प्लास्टरांची संख्या साधारण तेवढीच राहते, एकूण दिवस वाचतात आणि निकाल जवळपास सारखाच येतो. म्हणून ‘त्यांच्याकडे पाच दिवसांनी, आमच्याकडे सात दिवसांनी’ यावर झोप उडवण्यात अर्थ नाही.

पहिल्या प्लास्टरात पाऊल आणखीच आत वळल्यासारखं दिसतं, हे जाता जाता सांगायला हवं. तळव्याची खोल कमान आधी सरळ करण्यासाठी अंगठ्याची बाजू वर उचललेली असते. चूक नाही ती. बाहेर वळवणं त्यानंतर सुरू होतं.

पाऊल साठ-सत्तर अंशांपर्यंत बाहेर वळलं तरी टाच बहुतेक बाळांत वरच अडकलेली राहते, कारण टाचेमागची जाड दोरी, अकिलिस टेंडन, ताणून फारशी लांबत नाही. ती बारीक पात्याने कापतात, हीच टेनोटॉमी. कापल्यावर टाच खाली येते आणि टेंडनच्या दोन टोकांत फट पडते. ती फट भरून टेंडन लांब होऊन जुळायला तान्ह्या बाळात सुमारे तीन आठवडे लागतात. त्यासाठीच कापल्यावर चढवलेलं हे शेवटचं प्लास्टर काही ताणत नाही, ते जखमेची राखण करतं. सात दिवसांनी ते काढलं तर अर्धवट जुळलेलं टेंडन आधाराविना राहील.

थोडक्यात, पहिल्या प्रकारात उशीर वाया जातो, दुसऱ्यात घाई महागात पडते. आठवड्याची फेरी एखादा दिवस पुढे गेली तर आभाळ कोसळत नाही. पण सोय म्हणून आदल्या रात्रीच घरी प्लास्टर भिजवून सोडवून ठेवू नका. मोकळं पाऊल रात्रभरात मिळवलेलं थोडं गमावतं.

दिवसांचा हिशेब बाजूला ठेवण्याची वेळ मात्र दोन्हींत सारखीच. अंगठा दाबून सोडा: पांढरा पडून दोन-तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. निळसर किंवा गार राहिला, किंवा काल दिसणारी बोटं आज प्लास्टरच्या आत गेलेली दिसली, तर प्लास्टर घट्ट झालंय किंवा घसरलंय. तिसरा दिवस असो की अठरावा, त्याच दिवशी दाखवायचं. घसरलेलं प्लास्टर पाऊल धरून ठेवत नाही, उलट चुकीच्या जागी दाबतं.

एकविसाव्या दिवशी जाताना बूट आणि मधली पट्टी पिशवीत हवी. प्लास्टर निघालं की ब्रेस, म्हणजे पट्टीने जोडलेले हे बूट, त्याच भेटीत पायात जातो. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, नंतर साधारण चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत.