लाकडावरचे ऑर्किड आणि विदर्भाची कोरडी हवा

विदर्भात धुऱ्यावरच्या जुन्या आंब्याच्या किंवा मोहाच्या फांदीवर जाड, अरुंद आणि मधल्या शिरेवर दुमडलेल्या पानांची एक वनस्पती अनेकदा दिसते. तिची काही पांढुरकी मुळे फांदीला घट्ट वेढून बसलेली असतात, तर काही नुसती हवेत लोंबत असतात. पुष्कळ शेतकरी तिला बांडगुळाचाच प्रकार समजतात आणि बांडगूळ काढताना तिच्यावरही कोयता चालवतात. प्रत्यक्षात ती वांडा टेसेलाटा ही ऑर्किडची जात असते. हिरवट-पिवळ्या पाकळ्यांवर तपकिरी जाळी आणि मध्ये जांभळट ओठपाकळी असलेली तिची सुगंधी फुले एकदा पाहिली, की नंतर गल्लत होत नाही. बांडगूळ आपली शोषक मुळे यजमान झाडाच्या जलवाहिन्यांपर्यंत घुसवते आणि तिथले पाणी व क्षार ओढून घेते. ऑर्किडचे मूळ सालीच्या पृष्ठभागावरच थांबते. त्याला झाडाकडून केवळ बसायला जागा आणि थोडी सावली हवी असते, आणि ही जागा जिवंत झाडाऐवजी वाळलेल्या ओंडक्याने दिली तरी त्याचे काही अडत नाही. ऑर्किड कुंडीत न लावता लाकडाच्या तुकड्यावर बांधून वाढवण्याची पद्धत याच गोष्टीवर उभी आहे.

ऑर्किडच्या कुळात सुमारे २८,००० जाती आहेत आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक जाती झाडांवर राहणाऱ्या आहेत. अशी वनस्पती कुंडीत, त्यातही आपल्याकडच्या काळ्या मातीत लावली, तर ती बहुधा पहिल्याच पावसाळ्यात कुजते. कापसाची काळी माती पाण्याने फुगते आणि तिच्या कणांमधल्या हवेच्या पोकळ्या बंद होतात. पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारपट कमी असतो, त्यामुळे मोकळ्या हवेत श्वसन करायला सरावलेले मूळ अशा चिखलात गुदमरते आणि मग बुरशीला वाट मिळते. रोपवाटिकांमध्ये कुंडीत कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणे भरतात ती याचसाठी. परंतु ती तडजोड आहे. लाकडावर बांधलेल्या मुळाला ही तडजोड करावी लागत नाही.

या मुळाची रचना मुळातून पाहण्यासारखी आहे. सुकलेले असताना ते रुपेरी पांढरे दिसते आणि त्यावर पाणी शिंपडले, की पाहता पाहता हिरवे होते. रंग बदलतो तो बाहेरच्या आवरणामुळे. मुळाभोवती व्हेलामेन नावाचे मृत पेशींचे वेष्टन असते. जातीनुसार त्याचे थर एकापासून दहाहून अधिक असू शकतात. या पेशींमधला जिवंत भाग नष्ट झालेला असतो, फक्त भित्ती उरलेल्या असतात आणि आतल्या पोकळीत हवा भरलेली असते. ही हवा प्रकाश विखुरते म्हणून मूळ पांढरे दिसते. पाणी मिळताच पोकळ्या टीपकागदाप्रमाणे ते खेचून घेतात, वेष्टन पारदर्शक होते आणि आतल्या जिवंत थरातले हरितद्रव्य बाहेरून दिसू लागते. अनेक ऑर्किडांची मुळे पानांप्रमाणे प्रकाशसंश्लेषणही करतात ती याच हरितद्रव्याच्या बळावर, आणि म्हणून ती उजेडात असणे त्यांच्या सोयीचे असते. व्हेलामेनच्या आत जाड भित्तींच्या पेशींचा आणखी एक थर असतो. त्यातल्या काही मोजक्या पातळ भित्तींच्या पेशींमधूनच पाणी आत जाते, आणि बाकीचा थर ते सहजासहजी बाहेर पडू देत नाही.

व्हेलामेन भरायला काही सेकंद पुरतात आणि सुकायला काही तास लागतात. झाडाच्या फांदीवर पाणी साठत नाही, पावसाची सर क्षणात ओघळून जाते, तेव्हा या दोन वेळांमधला फरक हेच या वनस्पतीचे भांडवल आहे. डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९४० मध्ये जावा बेटावरच्या अभ्यासातून याच्या पुढची कल्पना मांडली होती. सरीचे पहिले पाणी पानांवरची आणि सालीवरची धूळ धुऊन आणते, म्हणून त्यात क्षार सर्वाधिक असतात. व्हेलामेन नेमके हेच पहिले पाणी पकडून ठेवत असावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याची प्रयोगाने तपासणी व्हायला सात दशके जावी लागली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की विद्युतभार असलेले क्षारकण व्हेलामेनच्या भित्तींवर धरून ठेवले जातात आणि भाररहित रेणू मात्र नंतरच्या पाण्याबरोबर निघून जातात. खताच्या विचारात याचा उपयोग होतो, त्याकडे पुढे येऊ.

पावसाच्या प्रदेशात वाढलेली ही यंत्रणा नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात टिकेल का, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे उन्हाळ्याचा दोष तापमानावर ढकलण्याची सवय आहे, परंतु ऑर्किडसाठी हवेची तहान अधिक घातक असते. ही तहान मोजता येते. ३० अंश सेल्सिअसला हवा जास्तीत जास्त जितके बाष्प धरू शकते, त्याचा दाब सुमारे ४२ मिलिबार असतो. आर्द्रता ७० टक्के असेल, तर सुमारे १३ मिलिबारची तूट उरते. ४४ अंशांना ही कमाल मर्यादा ९१ मिलिबारपर्यंत जाते, आणि दुपारी आर्द्रता १५ टक्क्यांवर आली, तर तूट ७७ मिलिबारच्या आसपास होते. म्हणजे श्रावणातल्या दुपारपेक्षा मे महिन्यातल्या दुपारी हवेची शोषून घेण्याची ओढ सुमारे सहापट असते. त्यात उन्हाळी झळा लागल्या, की पावसाळ्यात काही तास ओले राहणारे मूळ फार लवकर कोरडे पडते. लाकडाच्या तुकड्याभोवती कुंडीसारखा ओलाव्याचा साठा नसल्यामुळे ही उणीव भरून काढायला मागे काहीच उरत नाही. पुस्तकांत आणि चित्रफितींत लाकडावरचे ऑर्किड सोपे वाटते, कारण ते बहुधा दमट प्रदेशातल्या लोकांनी सांगितलेले असते.

तरीही वांडा टेसेलाटा इथल्या आंब्यावर उन्हाळा काढते, त्यामागे आणखी एक योजना आहे. वांडासारखी जाड पानांची ऑर्किडे दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा, दारे बंद ठेवून, त्यापासून साखर बनवतात. निवडुंग आणि अननस हाच मार्ग वापरतात. रात्री हवा थंड असते आणि बाष्पाची तूट कमी असते, त्यामुळे पाण्याचा खर्च वाचतो. यातून निघणारा व्यावहारिक अर्थ असा, की उन्हाळ्यात ऑर्किडभोवतीचा संध्याकाळनंतरचा ओलावा फार मोलाचा असतो. सूर्य मावळल्यावर मुळे भिजवणे आणि खालची जमीन ओली करणे हे भर दुपारी पाणी मारण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. दुपारी तापलेल्या पानांवर पडलेले थोडेसे पाणी मुळांना फारसे लाभत नाही.

आता लाकडाकडे वळू. चांगल्या लाकडाच्या दोन कसोट्या आहेत: साल खरखरीत असावी आणि ती गळू नये. नवी मुळे सालीच्या भेगांमध्ये शिरून पक्की बसतात. साल सुटली, की त्यांची सारी मेहनत तिच्याबरोबर खाली येते. या दृष्टीने विदर्भातल्या जंगलात चांगले आणि वाईट दोन्ही नमुने मुबलक आहेत. मगरीच्या पाठीसारखी खोल चिरा पडलेली येनाची साल, चौकोनी ढलप्यांची काळी टेंभुर्णीची साल आणि बाभळीची जाड, भेगाळ साल या कामाला उत्तम आहेत. बाभळीचे गाभ्याचे लाकूड टिकाऊही असते. याउलट कहू, म्हणजे अर्जुन, आपली साल मोठ्या पापुद्र्यांनी टाकतो. सालईची साल कागदासारखी सुटते आणि तिच्यात डिंक असतो. निलगिरी आणि पेरू हेही साल सोडणारेच. ही लाकडे टाळावीत. सागाचे लाकूड कुजण्याला चांगला प्रतिकार करते, म्हणून जुने सागवान वर्षानुवर्षे टिकते. पण त्याला साल नसेल, तर रंध्याने गुळगुळीत केलेली बाजू मुळांना धरता येत नाही, तेव्हा ती वाकसाने खरवडून घ्यावी. आंब्याच्या वाळलेल्या लाकडाला बुरशी लवकर लागते आणि ते दोन-तीन पावसाळ्यांत भुसभुशीत होते, जरी जिवंत आंबा हा ऑर्किडचा आवडता आधार असला तरी.

शेतात सहज मिळणारे जुने लाकूड वापरताना एक सावधगिरी आवश्यक आहे. उदईपासून वाचवण्यासाठी खांबांना, चौकटींना आणि बैलबंडीच्या भागांना जळके ऑइल किंवा वाळवीनाशक औषध लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. असे लाकूड कितीही देखणे वाटले तरी घेऊ नये, कारण ते द्रव्य लाकडात मुरलेले असते आणि मुळांचे टोक त्याला लागताच करपते. तांब्याची तारही याच कारणाने बांधायला वापरू नये. लाकूड टांगलेले असल्यामुळे जमिनीतून येणाऱ्या उदईला तसाही रस्ता मिळत नाही.

बांधण्याचा काळ मृगाच्या आसपासचा. लाकडाला चिकटते ते फक्त नवे, वाढते मूळ. लाकडाशी स्पर्श होणाऱ्या बाजूने त्याला सूक्ष्म केस फुटतात आणि त्यांनीच ते पृष्ठभाग पकडते. जुने मूळ पाणी पीत राहते, परंतु पुन्हा चिकटत नाही. म्हणून मुळांना हिरवी टोके दिसू लागली, की रोप बांधावे, म्हणजे पुढचे तीन-चार महिने पाऊसच त्याची काळजी घेतो. लाकूड उभे टांगावे आणि रोपाचा शेंडा किंचित बाहेर झुकलेला ठेवावा, जेणेकरून पानांच्या बेचक्यात पाणी साचून शेंडा कुजणार नाही. मुळांखाली काथ्याची पातळ गादी द्यावी, पण तो काथ्या आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून त्यातले मीठ काढावे. बांधायला नायलॉनचा मासेमारीचा दोरा चालतो. सुतळी तर अधिक सोयीची, कारण ती एका पावसाळ्यात कुजून जाते आणि तोवर मुळांनी लाकूड धरलेले असते. रोप हलता कामा नये, कारण हलणाऱ्या रोपाच्या मुळांची कोवळी टोके लाकडावर घासून मरतात.

पाण्याच्या बाबतीत पश्चिम विदर्भाची अडचण निराळी आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे, आणि इतरत्रही बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. असे पाणी दिवसातून दोनदा मुळांवर सुकू दिले, की क्षार धरून ठेवणारे व्हेलामेनचे कसब उलट अंगावर येते. मुळांवर पांढरे कीट साचते आणि टोके काळी पडतात. छपरावरून उतरणारे पावसाचे पाणी एखाद्या टाकीत झाकून ठेवले, तर थोड्या रोपांचा उन्हाळा त्यावर निघतो. विहिरीच्याच पाण्यावर भागवायचे असेल, तर पाणी जेमतेम शिंपडून न थांबता मुळांवरून भरपूर ओघळू द्यावे, म्हणजे आधीचे क्षार धुऊन जातात.

खत अगदी थोडे लागते. संत्र्याच्या आणि कपाशीच्या ठिबकासाठी घराघरांत असलेले १९:१९:१९ हे विद्राव्य खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्क्यांचे) वापरण्याचा मोह होतो, परंतु त्यातल्या नत्राचा मोठा वाटा युरियाच्या रूपात असतो आणि युरियाचा रेणू भाररहित आहे. वर सांगितलेल्या प्रयोगांवरून पाहता असा रेणू व्हेलामेनमध्ये टिकण्याची शक्यता कमी. नायट्रेटच्या रूपात नत्र असलेले १३:००:४५ आणि अधूनमधून ००:५२:३४ हे मला अधिक योग्य वाटते, तेही लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नाही, आठवड्यातून एकदा आणि फक्त वाढीच्या दिवसांत.

उन्हाळ्यासाठी जागा निवडताना विदर्भातल्या घरांची एक सोय कामी येते. कूलर वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांमधून ओली, थंड हवा खोलीत ढकलतो आणि ती हवा समोरच्या खिडकीने बाहेर पडते. त्या खिडकीबाहेर, छज्ज्याखाली, पूर्वेचे कोवळे ऊन मिळेल अशा ठिकाणी टांगलेल्या रोपाला दिवसभर तुलनेने दमट झुळूक मिळते. तिथे जागा नसेल, तर अंगणातल्या आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या दाट सावलीत टांगावे. हिवाळ्यात पाणी दिवसातून एकदाच आणि सकाळी द्यावे. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री ओले मूळ लवकर सुकत नाही आणि तेव्हा कुजण्याचा धोका पुन्हा वाढतो.

एप्रिल-मे महिन्यांत ज्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी देणे जमणार नाही, त्यांनी ओंडक्याच्या भानगडीत न पडता अंगणातल्या जिवंत झाडावरच रोप बांधावे, असे माझे मत आहे. पानांचा पसारा खालची हवा थोडी थंड आणि ओली ठेवतो, आणि एकदा मुळे बसली की काम हलके होते. जात निवडतानाही हाच विवेक हवा. वांडा टेसेलाटा आणि सीतेची वेणी ही उष्णता सोसणारी आहेत, बाजारातली डेंड्रोबियमची संकरित वाणे बऱ्यापैकी तग धरतात, आणि रुंद, मऊ पानांचे फॅलेनॉप्सिस लाकडावर आपल्या मे महिन्यात सहसा टिकत नाही. रोप मात्र रोपवाटिकेतूनच घ्यावे. ऑर्किडच्या बीजात अन्नाचा साठा नसतो आणि निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही, म्हणून जंगलातून उपटलेल्या रोपाची जागा भरून यायला फार काळ लागतो. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ ल्युइस नडसन यांनी १९२२ मध्ये साखरयुक्त माध्यमावर बुरशीविना बीज रुजवून दाखवले आणि आज प्रयोगशाळेत बाटल्यांमधून लाखो रोपे तयार होतात. जंगली ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहेच, आणि आपल्या राखीव जंगलातून रोप काढणे हा गुन्हा आहे.

लाकूड कितीही चांगले असले तरी चार-सहा वर्षांनी ते कडेने ठिसूळ होते. अशा वेळी रोप सोडवून नव्या लाकडावर बांधण्याचा प्रयत्न करू नये, कारण चिकटलेली मुळे सोलताना व्हेलामेन फाटते आणि उघडा पडलेला आतला तंतू लवकरच वाळतो. जुना तुकडा रोपासकट नव्या, मोठ्या तुकड्यावर दोन स्क्रूंनी पक्का बसवावा. पुढच्या मृगात फुटणारी मुळे आपसूक जुन्यावरून नव्यावर उतरतात, आणि जुने लाकूड त्यांच्या मागे हळूहळू झडून गेले तरी हरकत नसते.