अणुकेंद्रीय काटछेद : एकके आणि ऊर्जावलंबन

न्यूट्रॉन, प्रोटॉन किंवा अन्य एखादा कण अणुकेंद्रावर आला असता विशिष्ट विक्रिया घडण्याची शक्यता ज्या राशीने मोजतात, तिला त्या विक्रियेचा काटछेद म्हणतात. शक्यता टक्क्यांत न सांगता क्षेत्रफळात सांगण्याचा हा प्रघात प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. पातळ पत्र्यातील प्रत्येक अणुकेंद्राच्या जागी एक चकती आहे असे मानावे. या सर्व चकत्यांनी मिळून पत्र्याचा जितका हिस्सा झाकला जाईल, तितक्या हिश्शाचे कण ती विक्रिया घडवतात. अशा एका चकतीचे क्षेत्रफळ म्हणजे काटछेद. प्रकीर्णन (कण अणुकेंद्रावरून दुसऱ्या दिशेला वळणे), प्रग्रहण (कण अणुकेंद्रात सामावला जाणे) आणि विखंडन (अणुकेंद्र फुटणे) यांच्या चकत्या निरनिराळ्या असतात आणि त्या सर्वांची बेरीज एकूण काटछेद देते.

रूढ एकक बार्न हे आहे. १ बार्न म्हणजे १ चौ. सेंमी.ला १० च्या २४ व्या घाताने भागून येणारे क्षेत्रफळ, अर्थात १०० चौ. फेम्टोमीटर (१ फेम्टोमीटर म्हणजे १ मीटरला १० च्या १५ व्या घाताने भागून येणारी लांबी). अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९४२ च्या डिसेंबरात एम. जी. हॉलोवे आणि सी. पी. बेकर यांनी हे नाव सुचवले. बार्न म्हणजे शेतावरचे कोठार. अणुकेंद्राच्या मानाने एवढे क्षेत्रफळ म्हणजे कोठाराएवढेच, असा त्यामागील विनोद. आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत बार्न बसत नाही, तरी अणुभट्टीच्या गणितातून त्याला कोणी हलवू शकलेले नाही.

युरेनियम-२३८ च्या अणुकेंद्राची त्रिज्या सुमारे ७.४ फेम्टोमीटर असल्याने त्याचे भौमितिक क्षेत्रफळ १.७ बार्नच्या आसपास येते. प्रत्यक्षातील काटछेद या आकड्याला मुळीच बांधलेले नसतात. मंद न्यूट्रॉनची तरंगलांबी अणुकेंद्राच्या आकाराच्या हजारो पट असते, त्यामुळे चकतीची कल्पना तेथे केवळ हिशेबापुरती उरते. ०.०२५३ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या, म्हणजे सेकंदाला २,२०० मी. वेगाच्या औष्णिक (म्हणजे सामान्य तापमानाच्या पदार्थाशी समतोल साधलेल्या) न्यूट्रॉनसाठी बोरॉन-१० चा शोषण काटछेद सुमारे ३,८४० बार्न आहे, तर झेनॉन-१३५ चा २६ लाख बार्नच्या घरात जातो. बोरॉनचा काटछेद वेगाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ऊर्जा चौपट झाली की तो निम्मा होतो, आणि १ इलेक्ट्रॉनव्होल्टला सुमारे ६१० बार्न उरतो. युरेनियम-२३५ चा विखंडन काटछेद औष्णिक ऊर्जेला सुमारे ५८५ बार्न असतो आणि २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टला जेमतेम १.३ बार्न. युरेनियम-२३८ मध्ये ६.६७ इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी अनुस्पंदनामुळे (विशिष्ट ऊर्जेलाच अणुकेंद्राचा प्रतिसाद एकाएकी वाढल्यामुळे) हजारो बार्न उंचीचे अरुंद शिखर उभे राहते. म्हणून ऊर्जेचा उल्लेख नसलेला काटछेद हा अर्धवट आकडा होय.

मात्र ऊर्जेचा उल्लेख आवश्यक आहे म्हणजे ऊर्जा एककात शिरते असे नव्हे, आणि गोंधळ नेमका येथेच होतो. येणाऱ्या कणाच्या ऊर्जेवर अवलंबून असणाऱ्या काटछेदाचे एकक बार्नच राहते, ‘बार्न प्रति इलेक्ट्रॉनव्होल्ट’ होत नाही. दुपारी दोन वाजताचे तापमान आपण अंशांतच सांगतो, अंश प्रति तास असे सांगत नाही. भागाकार येतो तो बाहेर पडणाऱ्या कणांची वाटणी सांगताना. ते कोणत्या दिशेला किती गेले हे सांगणाऱ्या अवकल काटछेदाचे एकक बार्न प्रति स्टेरेडियन (स्टेरेडियन हे घनकोनाचे एकक) असते, कोणत्या ऊर्जेने किती निघाले हे सांगायचे तर बार्न प्रति इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि दोन्ही एकदम सांगायचे तर दोहोंनी भागावे लागते.

याचा पडताळा विक्रियादराच्या सूत्रात मिळतो. न्यूट्रॉनांचा अभिवाह, म्हणजे एकक क्षेत्रफळातून दर सेकंदाला जाणाऱ्या न्यूट्रॉनांची संख्या, ऊर्जेवार वाटलेला असतो व त्याचे एकक प्रति चौ. सेंमी., प्रति सेकंद, प्रति इलेक्ट्रॉनव्होल्ट असे असते. त्याला चौ. सेंमी.मधील काटछेदाने व प्रति घन सेंमी. अणुकेंद्रसंख्येने गुणून ऊर्जेवर समाकलन केले, म्हणजे सर्व ऊर्जांची सलग बेरीज घेतली, की इलेक्ट्रॉनव्होल्ट रद्द होतात आणि प्रति घन सेंमी., प्रति सेकंद विक्रियांची संख्या उरते. काटछेदातच ‘प्रति इलेक्ट्रॉनव्होल्ट’ घुसडले असते, तर हा हिशेब जुळला नसता.

समाकलनाचेही दोन प्रकार आहेत. काटछेदाचे सरळ ऊर्जेवर समाकलन केल्यास बार्न-इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात. अनुस्पंदन समाकलात मात्र आधी ऊर्जेने भागतात, त्यामुळे उत्तर पुन्हा बार्नमध्ये येते. भारताच्या अणुकार्यक्रमात महत्त्वाच्या असलेल्या थोरियम-२३२ चा औष्णिक प्रग्रहण काटछेद सुमारे ७.४ बार्न, तर अनुस्पंदन समाकल सुमारे ८५ बार्न आहे. एकक एकच असले तरी पहिला आकडा एका ऊर्जेचा आहे आणि दुसरा ऊर्जेच्या विस्तृत पट्ट्याचा, त्यामुळे त्यांची थेट तुलना करता येत नाही.

प्रभारित कणांच्या बाबतीत ऊर्जा कोणत्या संदर्भचौकटीतील, हेही सांगावे लागते. ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड समस्थानिकांच्या संमीलनाचा (अणुकेंद्रे एकत्र जुळण्याचा) काटछेद सुमारे ५ बार्न इतका कमाल होतो. ट्रिटियम स्थिर धरल्यास तेव्हा ड्यूटेरॉनची, म्हणजे ड्यूटेरियमच्या अणुकेंद्राची, ऊर्जा सुमारे १०७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत तीच सुमारे ६४ भरते. ताऱ्यांमधील याहून कमी ऊर्जांना विद्युत् प्रतिसारणामुळे काटछेद इतका झपाट्याने घसरतो, की खगोलभौतिकीत ऊर्जेने गुणून व ती घसरण वेगळी काढून उरलेला घटक वापरतात, आणि तेथे मात्र एककात ऊर्जा खरोखरच येते : किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट-बार्न.