पार्श्वभूमी : मराठवाड्यातल्या अपघातांची नोंद आणि पाचशे मीटरचा निकष

मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समितीची बैठक झाली की एक यादी वाचली जाते. अपघातप्रवण स्थळांची, पोलिसांच्या आणि बांधकाम खात्याच्या तोंडी सरळ ‘ब्लॅक स्पॉट’. कोणता निकाली निघाला, कोणता शिल्लक आहे, कुठे रंबलरचे पट्टे बसले, कुठे हायमास्ट दिवा लागला, असा आढावा होतो. ही यादी कोणत्या नोंदींतून तयार होते आणि त्या नोंदी हद्दीपाशी का अडखळतात, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायचं कारण नाही. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२मध्ये २७ बसगाड्या रस्त्यावर आणल्या तेव्हा इथल्या रस्त्यांचं तोंड हैदराबादकडे होतं. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्य तीन राज्यांत वाटलं गेलं. बीदर-गुलबर्गा एकीकडे, निजामाबाद-आदिलाबाद दुसरीकडे, मराठवाडा तिसरीकडे. रस्ते होते तिथेच राहिले. उमरग्यावरून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५, हिंगोली-नांदेड-देगलूर करत तेलंगणात उतरणारा १६१, भोकरवरून निर्मलला निघणारा ६१. माल, मजूर आणि जखमी अजूनही या वाटांनी सीमा ओलांडतात. कागद मात्र ठाण्याच्या हद्दीत फिरतो.

कागदाचा साचा आला तो बाहेरून. संयुक्त राष्ट्रांच्या एका प्रादेशिक आयोगाने आशिया-पॅसिफिक देशांसाठी अपघात नोंदीची समान पद्धत आखली, आणि केंद्राचा वार्षिक अपघात अहवाल त्याच पद्धतीच्या तक्त्यांवर उभा राहिला. राज्यांचे पोलीस तक्ते भरून पाठवतात, दिल्लीत बेरीज होते. तक्ते समान झाले, पण भरणाऱ्या हवालदारापुढे असते ती फिर्याद. तिची भाषा ठरलेली : आरोपी चालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने व निष्काळजीपणे, भरधाव वेगात चालवून धडक दिली. जुन्या दंडसंहितेची कलमं २७९ आणि ३०४ अ लावायची तर हे शब्द हवेच असत. पुढे तक्त्यात ‘कारण’ या रकान्यापाशी आलं की फिर्यादीतला ‘भरधाव’ तिथे जाऊन बसतो. देशातल्या अपघाती मृत्यूंपैकी सुमारे ७० टक्के अतिवेगामुळे, असं दरवर्षी छापून येतं त्यामागे हाही एक हात आहे. वळणाचा उतार उलटा होता किंवा कठड्याचं टोक उघडं होतं, हे फिर्यादीत येत नाही. आलं तर आरोपी कोणाला करायचं?

ठिकाणाचंही तसंच. ‘मौजे अमुक शिवारात, अमुक धाब्याच्या अलीकडे, रोडच्या उत्तर बाजूस’ असं पंचनाम्यात असतं. धाबा दोन वर्षांत बंद होतो किंवा नाव बदलतो. त्यात २०१०मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले. सोलापूर-धुळे रस्ता २११चा ५२ झाला, कल्याण-निर्मल २२२चा ६१ झाला. आकडा बदलला तरी जुने क्रमांक बरीच वर्षं कागदांतून गेले नाहीत.

२०१४ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचं. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ता सुरक्षेवर समिती नेमली आणि राज्यांना हिशेब द्यावा लागू लागला. ३ जूनला बीड जिल्ह्यातल्या एका केंद्रीय मंत्र्याचा दिल्लीत अपघाती मृत्यू झाला आणि हा विषय मराठवाड्यात घराघरांत पोचला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१५मध्ये, केंद्राने निकष ठरवला. राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा पट्टा. त्यात लागोपाठच्या तीन वर्षांत मिळून मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. दोहोंपैकी एक भरलं की तो ब्लॅक स्पॉट.

या निकषाची बाजू आधी सांगायला हवी. त्यापूर्वी गतिरोधक कुठे बसवायचा हे बऱ्याचदा रास्ता रोको ठरवत असे. ज्या गावाचा आवाज मोठा, त्याच्या फाट्यावर दिवा. पैसा मोजका असताना अभियंत्याला हातात धरायला एक आकडा मिळाला, ही गोष्ट लहान नाही.

पण तो आकडा मराठवाड्यातल्या रस्त्यावर ठेवून पाहा. समजा दहा किलोमीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत ४० जीवघेणे अपघात झाले आणि ते सारखे पसरले. ५०० मीटरचे २० तुकडे, प्रत्येकात दोन अपघात, ब्लॅक स्पॉट शून्य. हे नुसतं गणित नाही, कारण इथले अपघात पसरणारेच आहेत. चौपदरी रस्ता शिवार कापून गेला; शेत एका बाजूला, गोठा दुसऱ्या बाजूला. अधिकृत वळण दोन किलोमीटर पुढे, म्हणून लोक दुभाजक फोडून वाट करतात किंवा दुचाकी उलट्या बाजूने हाणतात. फोडलेली वाट बुजवली की जरा पुढे दुसरी होते. यादीतला स्पॉट ‘निकाली’ निघतो आणि अपघात शेजारच्या शिवारात जातो. गाळप हंगामात टेललाइट नसलेली उसाची ट्रॉली रात्री जिथे पंक्चर होईल तिथे उभी राहते. ती काही ५०० मीटरचा पट्टा बघून थांबत नाही.

उलट बाजूही आहे. १५ ऑक्टोबर २०२३ला, मध्यरात्र उलटताच, समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एक प्रवासी गाडी थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. ट्रक तिथे का थांबला होता, हाच तपासाचा मुद्दा ठरला. वरचा निकष लावला तर त्या एका रात्रीने तो पट्टा ब्लॅक स्पॉट होतो, रस्त्याच्या रचनेत काही खोट असो वा नसो. निकषात वाहनांची संख्या धरलेली नाही, हे तर वेगळंच. दिवसाला हजारो गाड्यांचा महामार्ग आणि तुरळक गाड्यांचा सीमेकडचा महामार्ग, दोघांना एकच माप.

‘गंभीर दुखापत’ हाही सरळ शब्द नाही. हाड मोडलं तर प्रश्न नसतो. बाकी काही जखमांत माणूस किती दिवस तीव्र वेदनेत किंवा नेहमीच्या कामाला असमर्थ होता, यावर जखम गंभीर ठरते. जुन्या दंडसंहितेत ही मर्यादा २० दिवसांची होती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत १५ दिवसांची. त्यामुळे २०२३ ते २०२५ अशा तीन वर्षांची बेरीज करताना निम्मे अपघात एका मापाने आणि निम्मे दुसऱ्या मापाने मोजलेले असतात. ५ अपघातांच्या उंबरठ्यावर एखाद्या अपघाताचा फरकही पुरतो.

निकषाइतकाच अवघड मामला हद्दीचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५मध्ये राष्ट्रीय परिषद, राज्य परिषद आणि जिल्हा समिती अशी उतरंड आहे. विभागासाठी किंवा दोन राज्यांतल्या शेजारी जिल्ह्यांसाठी त्यात जागा नाही. पोलिसांनी मराठवाड्याची दोन परिक्षेत्रं केली, परिवहन खात्याने तीन प्रादेशिक कार्यालयं. आता अपघात जिथे घडला तिथे तो मोजायचा, हा नियम. रस्ता दुरुस्त करायचा तर तो बरोबरच आहे. पण माणसं वाचवायची तर मेलेली माणसं कुठली होती हेही कळलं पाहिजे. बीडच्या त्या मंत्र्याचा मृत्यू दिल्लीच्या आकड्यात आहे. बीडमधल्याच आणखी एका नेत्याचा १४ ऑगस्ट २०२२चा, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरचा मृत्यू रायगडच्या. नेत्यांचं निदान सगळ्यांना ठाऊक असतं. ऑक्टोबरात बीड, धारूर, पाटोद्यातून ट्रॅक्टर-ट्रकात बसून सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे निघालेल्या ऊसतोड कोयत्यांपैकी, म्हणजे मजूर जोडप्यांपैकी, जे जिल्ह्याबाहेर वाटेत गेले, ते बीडच्या यादीत कुठेच नसतात. त्या यादीवरून जिल्ह्याचं नियोजन होतं.

दवाखान्याचं त्याहून गुंतागुंतीचं. अपघातानंतर ३० दिवसांत मृत्यू झाला तर तो अपघाती मृत्यू धरायचा. उमरग्याचा जखमी सोलापूरला जातो, देगलूरचा निजामाबादला किंवा हैदराबादला. तिथे विसाव्या दिवशी तो दगावला तर तिथल्या ठाण्यात अकस्मात मृत्यू दाखल होतो आणि कागद मूळ ठाण्याकडे वर्ग होतात. पंचनामा मराठीत, मरणोत्तर कागद तेलुगूत किंवा इंग्रजीत. कागद वेळेत आला तर ‘जखमी’चा ‘मयत’ होतो. नाही आला तर माणूस जातो आणि तक्त्यात जखमीच राहतो.

२०२१मध्ये आलेल्या अपघात नोंदीच्या नव्या संगणकीय प्रणालीकडून अपेक्षा होत्या त्या नेमक्या इथे. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही होते. पोलीस जागेवरच मोबाइलमध्ये फोटो आणि अक्षांश-रेखांश टाकतो. तीच नोंद परिवहन, रस्ता ज्याच्या ताब्यात ते खातं आणि आरोग्य खातं यांच्याकडे जाते. धाब्याचं नाव बदलल्याने बिघडत नाही. १ एप्रिल २०२२पासून कालमर्यादाही आली : पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत, सविस्तर ९० दिवसांत, तोही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. नुकसानभरपाईशी जोडल्यामुळे नोंदीला पहिल्यांदा वजन आलं. अक्षांश-रेखांश मिळाल्यावर ५०० मीटरची चौकट सोडून घाटाचा किंवा गावांमधला सलग पट्टा मोजणं शक्य झालं. निकष मात्र जुनाच वापरात राहिला. देशात २०२२मध्ये १,६८,४९१ आणि २०२३मध्ये १,७२,८९० माणसं रस्त्यावर गेली, तेव्हाही जिल्ह्याच्या बैठकीत विचारलं गेलं ते स्पॉट किती उरले एवढंच.

मे २०२५मध्ये अपघातग्रस्तांसाठी रोखविरहित उपचारांची योजना अधिसूचित झाली : दीड लाख रुपयांपर्यंत, अपघाताच्या दिवसापासून सात दिवस. अपघात खरा आहे याची पुष्टी पोलिसांनी याच प्रणालीतून द्यायची. म्हणजे जखमी निजामाबादच्या दवाखान्यात असला तरी त्याचं बिल देगलूरच्या ठाण्यातल्या नोंदीशी बांधलेलं. त्या सात दिवसांत दोन्ही राज्यांतल्या लोकांना नोंद अद्ययावत ठेवण्याचं पैशाचं कारण आहे. आठव्या दिवसापासून तिसाव्या दिवसापर्यंत ते नाही, आणि परराज्यात दाखल झालेला जखमी यादीतून निसटू शकतो तो नेमका त्याच दिवसांत.