मालिकेत पाणी कधीपासून पडू लागलं

"चांगली चालली होती की! उगं लांबवली आणि घालवली." सोलापुरात रात्रीची जेवणं उरकली की हे वाक्य कुठल्याही गल्लीत ऐकू येतं. मालिकेचं नाव बदलतं, तक्रार तीच राहते. लेखकाची अक्कल संपली, असा निकालही लगेच लागतो. मला तो निकाल अन्यायाचा वाटतो. पहिल्या शंभर भागांत आपल्याला रडवणारी माणसं पाचशेव्या भागाला अचानक अडाणी होत नाहीत. गोष्ट कधी संपवायची हे लिहिणाऱ्याला आधी ठाऊक असायचं, ते पुढे ठाऊक असेनासं झालं. बिघाड तिथून सुरू होतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या काळातली मालिका आठवड्यातून एकदा यायची आणि साधारण तेरा भागांची असायची. तेरा आठवडे म्हणजे तीन महिने. लेखक पहिला भाग लिहिताना तेरावा डोक्यात ठेवूनच बसायचा. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' आली, ती मेक्सिकोतल्या मालिकांचा धडा गिरवून. तिकडच्या मालिका रोज चालल्या तरी त्यांना शेवट असतो. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली 'हम लोग'सुद्धा दीडशेच्या वर भाग होऊन १९८५ च्या अखेरीस संपली. लोक हळहळले, पण गोष्ट पुरी झाली होती.

ताणण्याची पहिली मोठी मागणी मात्र आपणच केली, हे मान्य करायला हवं. १९८७ साली सुरू झालेलं 'रामायण' ५२ भागांचं ठरलं होतं. लोकांच्या आग्रहापोटी ते वाढत वाढत ७८ भागांवर गेलं. पुढे उत्तरकांडही दाखवा म्हणून मागणी झाली आणि ती पुरी झाली. तिथे कथा मुळातच अफाट होती, म्हणून वाढवलेलं खटकलं नाही. पण जे चालतंय ते थांबवायचं कशाला, हा विचार तेव्हाच रुजला.

मग वाहिन्या आल्या. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी (आजची झी मराठी), २००० मध्ये ई टीव्ही मराठी. दूरदर्शनवर 'दामिनी'ने रोजच्या मालिकेची सवय लावलीच होती, आता प्रत्येक अर्ध्या तासाला एक रोजची मालिका झाली. २००१ मध्ये सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' २०१३ च्या जानेवारीत संपली, तीन हजारांहून जास्त भागांनंतर. ती सुरू झाली तेव्हा पाळण्यात असलेलं मूल ती संपताना पाचवी-सहावीत होतं.

इथे थोडा हिशेब करू. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशेच्या आसपास. जाहिराती वगळल्या तर प्रत्येकात बावीस-तेवीस मिनिटांचा मजकूर. एका माणसाला हे झेपणारं नाही, म्हणून कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दिवाणखान्याचा सेट उभारायला मोठा खर्च झालेला असतो, त्यामुळे लग्न, बारसं, पोलीस, वकील, सगळं त्याच दिवाणखान्यात येतं. त्यात दर गुरुवारी टीआरपीचे, म्हणजे मालिका किती जणांनी पाहिली त्याचे आकडे. २०१५ पासून बार्क ही संस्था ते मोजते, आणि त्याच वर्षी खेड्यापाड्यातला प्रेक्षकही मोजणीत आला. आकडा पडला की चाललेला ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, अर्ध्यात गुंडाळायचा. चढला तर तोच ट्रॅक आणखी चार आठवडे. चढत्या मालिकेला कोणी हात लावत नाही, कारण नवी मालिका म्हणजे नवा सेट, नवी जाहिरात आणि प्रेक्षक येईल की नाही याची धास्ती. म्हणून चांगली चाललेली मालिकाच जास्त ताणली जाते. लवकर पडलेली निदान लवकर सुटते. कथा अगदीच संपली की लीप, म्हणजे काही वर्षांची उडी: मुलं एका रात्रीत मोठी होतात आणि आईबापांचे गैरसमज त्यांच्या वाट्याला येतात.

मी हे सोलापूरच्या पूर्व भागात लहानपणापासून पाहत आलोय. आमच्या समोरच्या अक्का विड्या वळायच्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्रा ठेवून कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. हजार विड्यांमागे मजुरीचा हिशेब असल्यामुळे डोळे सुपातून हलत नसत. मालिका त्या कानांनीच बघायच्या. घडीभर कात्री थांबली आणि अक्कांनी मान वर केली की समजायचं, आज काहीतरी खरंच घडलंय. सुरुवातीच्या महिन्यांत त्या एका भागात दोन-तीनदा वर बघायच्या. पुढे पुढे आठवडा जायचा, मान खालीच.

लोडशेडिंगच्या वर्षांत तर याची परीक्षाच झाली. ऐन मालिकेच्या वेळेला वीज जायची. ओळीनं चार भाग बुडाल्यावर मी विचारलं, "अक्का, मधलं कसं कळणार?" त्या म्हणाल्या, "काय कळायचंय? ती अजून दारातच उभी असेल बघ." वीज आली तेव्हा ती दारातच उभी होती. अक्का हसल्या नाहीत. ज्या बाईची काळजी वाटत होती, तिची काळजी वाटेनाशी झाली, हे त्यांना लागलं होतं.

सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड एका भिंतीआड नांदतात, त्यामुळे एकच गोष्ट तीन घरांत तीन चालींनी चालताना दिसते. 'तुला पाहते रे' २०१८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि वर्ष भरायच्या आत, २०१९ च्या जुलैत संपली. तीच कथा कन्नडमध्ये 'जोते जोतेयली' नावानं साडेतीन वर्षांहून जास्त चालली, आणि तेलुगूत 'प्रेम एंत मधुरम' नावानं चार वर्षांहून जास्त. अक्कांच्या सुनेनं ती मराठीत पाहिली होती, अक्का तेलुगूत बघत होत्या. शेवट सुनेला ठाऊक होता. सुरुवातीला अक्का तिला दटावायच्या, "सांगू नको हं, मला बघू दे." तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी पानं कापता कापता, मान वर न करता, त्यांनीच विचारलं, "शेवटी काय होतं गं तिचं?" सुनेनं सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं, आणि रिमोट नातवाच्या हातात दिला.