छतावरच्या पांढऱ्या डबीत काय आहे?

जुने स्मोक डिटेक्टर बदलणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या शेडमध्ये एएमसीला (वार्षिक देखभालीला) गेलो की हमखास विचारतात, "काढलेले डिटेक्टर भंगारात देऊ का?" आधी मागचं स्टिकर बघा. किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह आणि 'अमेरिसियम-२४१' (हा किरणोत्सारी धातू) दिसलं तर देऊ नका. आम्ही हल्ली ऑप्टिकल (प्रकाशाने धूर ओळखणारे) बसवतो, त्यात किरणोत्सारी काही नसतं.

जुन्या डबीत तुरीच्या डाळीएवढी धातूची टिकली असते. तिच्यातल्या अमेरिसियममधून सुटणारे अल्फा कण (किरणोत्साराचे सूक्ष्म कण) दोन पट्ट्यांमधल्या हवेत बारीकसा करंट वाहता ठेवतात. धूर शिरला की करंट घटतो, भोंगा वाजतो. (कँटीनमधल्या फोडणीलाही वाजतो, तो याच गुणाने.)

हे अमेरिसियम खाणीत मिळत नाही. अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढून ठेवतात. त्यातलं प्लुटोनियम-२४१ दर १४ वर्षांनी निम्मं होतं आणि त्याचं अमेरिसियम बनतं. प्लुटोनियमवाल्यांच्या लेखी ही भेसळ, म्हणून रासायनिक प्रक्रियेने बाजूला काढायची. ब्रिटनमध्ये जुन्या साठ्यातून काढलेल्या अशाच अमेरिसियमवर २०१९ मध्ये छोटा दिवा लावून दाखवला. पुढे अंतराळयानांना वीज पुरवायचा बेत आहे. आपल्या टिकलीत ते असतं साधारण एका ग्रॅमचा तीस लाखावा भाग. पण चिवट! शिवजन्माच्या वर्षी, १६३० साली बसवलं असतं तरी आज निम्म्याहून जास्त शिल्लक असतं. डिटेक्टरचं सर्किट मात्र दहा-बारा वर्षांत थकतं.

छतावर आहे तोवर काळजी नको, अल्फा कण कागदानेही अडतात. टिकली फोडली, जाळली आणि पूड नाकातोंडात गेली तर मात्र धोका. टिकलीवर सोन्याचा पातळ थर असतो हे खरं, पण त्यापायी डबी फोडणाऱ्याची मजुरीही सुटणार नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र तोडलं गेलं आणि एक जण दगावला. तो स्रोत कैक पटींनी जबर होता, तुमच्या डिटेक्टरशी त्याची बरोबरी नाही. वाट मात्र तीच, भंगाराची.

तेव्हा डिटेक्टर बेसवरून फिरवून अख्खा काढा, उघडू नका. खोक्यात भरून कुलूपबंद ठेवा, खोक्यावर आकडा लिहा आणि आम्हाला कळवा. नियमाप्रमाणे ते पुरवठादाराकडे परत पाठवतो. नेताना आम्ही छतावरचे रिकामे बेस मोजतो. बेस बारा आणि खोक्यात अकरा निघाले, तर बारावा सापडेपर्यंत आमचा माणूस हलत नाही.