‘दहाचा नट द्या’ : काचेचा बाऊल टांगणारे दोन आटे

छताच्या दिव्याचा काचेचा बाऊल उघडला, साफ केला, आणि परत लावताना खालची पितळी घुंडी हरवली. मग माणूस दुकानात येतो आणि म्हणतो, “दहाचा नट द्या.” मी विचारतो, कुठला दहाचा? तो माझ्याकडे असं बघतो की जणू मी चहाला गेलेल्या माणसाला ‘कुठला चहा’ विचारलं. दहाचा म्हणजे दहाचा की!

तेवढ्यावरच तर सगळा घोळ आहे. गेली कितीतरी वर्षं मी बेळगावात हा एकच घोळ निस्तरतोय, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

बाऊल टांगायच्या तऱ्हा तुम्हाला माहीत आहेतच. जुन्या वाड्यांतल्या हंड्या काठाला धरून तीन साखळ्यांवर लोंबतात. तिथं आट्याचा, म्हणजे नट-बोल्टाच्या पेचाचा, प्रश्नच नाही; तिन्ही साखळ्यांच्या कड्या मोजून सारख्या ठेवल्या की झालं, नाहीतर हंडी कलते आणि घरातला प्रत्येक पाहुणा मान वाकडी करून बघतो. दुसरी तऱ्हा म्हणजे वरच्या पत्र्याच्या वाटीत काचेची मान घालून बाजूनं तीन स्क्रू. हे स्क्रू बोटानंच फिरवायचे, आणि घट्ट करून झाल्यावर अर्धा फेरा मागं घ्यायचा. बाऊल किंचित हलला पाहिजे. पक्कड लावून आवळणाऱ्याला मी काच विकत नाही, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक आहे. तिसरी तऱ्हा म्हणजे बाऊलच्या बुडाला मधोमध भोक, त्यातून वरून आलेली पोकळ दांडी, आणि खालून नट किंवा घुंडी. बाऊलचं दोन-अडीच किलो वजन त्या एका घुंडीच्या आट्यांवर. मी बोलतोय ते या तिसऱ्या तऱ्हेबद्दल.

आपल्याकडं बाजारात मिळणाऱ्या बहुतेक झुंबरांत आणि दिव्यांत, तसंच युरोप किंवा चीनकडून आलेल्या मालात, ही दांडी ‘दहा बाय एक’ची असते. म्हणजे बाहेरून 10 मिलिमीटर आणि दर आट्याला 1 मिलिमीटर पुढं. साध्या बोल्टाचा 10 चा आटा 1.5 मिलिमीटरचा असतो, तो यात बसत नाही, पहिल्याच फेऱ्यात कळतं. त्यावर वेळ घालवत नाही.

अमेरिकन दिव्यात मात्र दांडी ‘वन बाय एट आयपी’ची असते. आणि अलीकडं खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही गावात एखादा तरी मुलगा तिकडं आहे, आणि तो सुट्टीला येताना आईसाठी काचेचा बाऊलवाला दिवा बॅगेत घालून आणतोच. काच कपड्यांत गुंडाळून सुखरूप येते. घुंडी मात्र दिवा उलगडताना न्यू जर्सीतल्या गालिच्यावरच राहून जाते.

आता हा आकडा बघा. आमच्याकडचे जुने मेस्त्री सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक अष्टमांश इंच हे एक सूत, सव्वातीन मिलिमीटरच्या आत. माझ्या दुकानात एका मेस्त्रीमामांनी खोक्यावरचं ‘1/8’ वाचलं, दांडी हातात घेतली आणि हसले, “एक सूत? ही दांडी हाय का दाभण? तीन सुतापेक्षा थोडी जास्त हाय की ही.” अगदी बरोबर. त्या दांडीत कुठलंच माप एक अष्टमांश इंच नाही. बाहेरून ती सुमारे 10 मिलिमीटर, आतून भोक सहा-सात मिलिमीटर. ‘एक अष्टमांश’ हे पाइपाचं नाव आहे, माप नव्हे. अर्धा इंची नळाचा पाइप व्हर्नियरनं, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीनं, मोजून बघा, बाहेरून 21 मिलिमीटरच्या वर भरतो. अर्धा इंच म्हणजे 12.7. नळवाल्याला याचं नवल वाटत नाही, दिवेवाल्याला वाटतं. आयपी म्हणजे लोखंडी पाइप. विजेच्या आधी तिकडं गॅसचे दिवे होते, दांड्यांतून गॅस येत असे. वीज आली तेव्हा त्याच आट्यांच्या दांड्यांतून वायर ओढली. आटा मात्र गॅसचाच राहिला.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. ठेच लागते ती याच्या पुढं.

अमेरिकन दांडीला व्हर्नियर लावा. 10 च्या आसपास येईल, कधी 9.9, कधी 10.1. आपल्या दहा बाय एकच्या दांडीला लावा, तीही 10 च्या जवळच. म्हणजे जाडीवरून दोन्ही ओळखू येत नाहीत. डोळ्यांनाही आटे सारखेच बारीक दिसतात. फरक फक्त पुढं सरकण्यात आहे. अमेरिकन दांडीवर एका इंचात 27 आटे असतात, म्हणजे एक आटा 0.94 मिलिमीटर. आपल्या दांडीवर एक आटा 1 मिलिमीटर, म्हणजे इंचात साधारण साडेपंचवीस. दर फेऱ्याला 0.06 मिलिमीटरचा फरक. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी.

एवढ्याशा फरकानं काय होतं? होतं हे की नट लागतो. हीच तर फसगत आहे. पातळ चेकनट घ्या, तीन मिलिमीटर जाडीचा. त्यात आटेच तीन. तीन आट्यांत फरक साठून साठून 0.18 च्या आसपास होतो आणि पितळेच्या ढिलाईत तो खपून जातो. नट फिरतो, वर जातो, आवळला जातो. “बसूलालाय की!” म्हणून सगळे खूश. मग त्याच दांडीवर शोभेची घुंडी लावायला जातात, जिच्यात दहा-बारा मिलिमीटर खोल आटे असतात. ती चार-पाच फेरे गोड चालते आणि मग अडते. इथं माणसाची परीक्षा असते. शहाणा थांबतो, घुंडी उलटी फिरवून काढतो. बाकीचे पक्कड आणतात.

पक्कड लावली की पितळ ऐकतं. पितळ फार ऐकतं, त्याचा हा दुर्गुण आहे. दांडीचा आटा घुंडीच्या आट्याला कापत जातो, आणखी दोन-तीन फेरे बसतात, आणि घुंडी अशी घट्ट होते की हातानं हलत नाही. हे घट्ट बसणं नाही, हे अडकणं आहे. आतले निम्मे आटे सोललेले असतात, अडीच किलो काच उरलेल्या कडांवर टेकलेली असते. वर पंखा फिरतो, दार आपटतं, दिवा तापतो आणि निवतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या शहापूरच्या घरी गणपतीच्या आधी मी स्वतःच, घाईत, दुकानातली दहा बाय एकची घुंडी अमेरिकन दांडीवर पकडीनं बसवली होती. तिसऱ्या रात्री जेवणखोलीत आवाज झाला. बाऊल ज्या पाटावर पडला तो अजून आहे, मधोमध चंद्रकोरीसारखी खोक. घुंडी कोपऱ्यात सापडली. तिच्यातून बोटावर आली ती आट्यांची बारीक पितळी कात, केसासारखी, वेटोळ्या वेटोळ्यांची. बायकोनं ती कागदात गुंडाळून माझ्या गल्ल्यात ठेवली. आजही आहे.

ओळखायचं कसं, तर व्हर्नियर ठेवून द्या. पिच गेज, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर (पिच) जुळवून बघायची दातेरी पाती, असेल तर एका पात्यात निकाल लागतो. नसेल तर आणखी सोपी तऱ्हा आहे. ज्या दांडीबद्दल खात्री आहे ती आणि शंकेची, दोन्ही शेजारी-शेजारी लांबीनं चिकटवा, एकीचे दात दुसरीच्या खाचांत, आणि खिडकीच्या उजेडाकडं धरा. एकाच जातीच्या असतील तर शेवटपर्यंत दात दातात बसतात, मधून उजेड येत नाही. दोन जातींच्या असतील तर सुरुवातीचे तीन-चार दात बसतात, मग हळूहळू फट पडते, आणि आठव्या आट्याच्या सुमारास एकीचं टोक दुसरीच्या टोकावर येऊन उभं राहतं. म्हणून मी माझ्याकडं दोन दांड्यांचे चार-चार इंची तुकडे ठेवलेत. एकाला लाल दोरा, तो अमेरिकन.

आता आपल्या भागाची खास गंमत. बेळगावचा माणूस आटा जुळला नाही की थेट उद्यमबागला जातो. तिथं लेथ आहेत, फाउंड्र्या आहेत, हायड्रॉलिक्सचं काम करणारे आहेत, आट्याला घाबरणारं कुणीच नाही. पण तिथल्या माणसाला नुसतं ‘वन बाय एट’ सांगितलं की त्याच्या हाताला येतो तो बीएसपीचा टॅप, म्हणजे आतून आटा पाडायचं हत्यार. तो ब्रिटिश पाइपाचा आटा, इंचात 28, बाहेरून 9.73 मिलिमीटर. नाव तेच, आटा तिसराच. बीएसपीचा नट अमेरिकन दांडीवर चढतच नाही, ते एक बरं आहे, निदान काच तरी वाचते. पण गडी म्हणतो “टॅप थोडा घासला असेल”, परत टॅप मारतो, आणि नट आतून मोठा करून देतो. तो नट मग ढिला लागतो आणि आटे वरवरच टेकतात.

एनपीटीचा, म्हणजे अमेरिकन पाइपाच्या आट्याचा, टॅप मात्र 27 चा असतो, म्हणून काहीजण तोच वापरतात. तोही नको. एनपीटी निमुळता असतो, गळती थांबावी म्हणून. दिव्याची दांडी सरळ असते. घुंडीत गळती कसली थांबवायची आहे? आणि त्याच कारणानं दिव्याच्या आट्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. टेपनं ढिला आटा घट्ट वाटतो, म्हणजे ज्या खुणेवरून चूक कळली असती तीच पुसली जाते. एम-सीलबद्दल बोलतच नाही.

परवा खानापूरच्या एका मावशींचा दिवा घेऊन मीच उद्यमबागला गेलो. लेथवाल्यानं दांडीला व्हर्नियर लावला आणि म्हणाला, “हत्तु एमएम, बरोबर ऐत्रि.” म्हणजे दहा एमएम, बरोबर आहे. मी लाल दोऱ्याचा तुकडा काढला, त्याच्याच पेटीतला दहा बाय एकचा बोल्ट मागितला, दोन्ही चिकटवून त्याच्या डोळ्यांसमोर धरले. तो बराच वेळ बघत राहिला. मग पिच गेज काढलं, पाती एकेक करून लावली, 27 वर थांबला. त्याला टॅप लागलाच नाही, लेथवर पिच 0.941 घेऊन अर्ध्या तासात आतून आटा पाडला. घुंडी दोन बोटांनी फिरवली तर तळापर्यंत गेली. बोटांनी तळापर्यंत, हीच माझी अट आहे. शेवटचा एक फेरासुद्धा जोरानं नको.

माझी पसंती विचाराल तर, बाऊल अमेरिकन असला तरी आतली दांडी आणि तिच्यावरचे सगळे नट बदलून दहा बाय एकचे करावेत. काचेचं भोक बहुधा दोन्हींना पुरेसं असतं, आणि उद्या नट हरवला तर तो गणपत गल्लीत मिळावा, न्यू जर्सीत नव्हे. पण बदलायचं तर सगळं. अमेरिकन होल्डरच्या बुडालासुद्धा तोच वन बाय एटचा आटा असतो, वरच्या आडव्या पट्टीलाही असू शकतो. आपल्याकडं विजेचा दाब 230, तिकडं 120, त्यामुळं होल्डर आणि वायर मी नाहीतरी बदलतोच. जिथं मधला पितळी गोळा ओतीव असतो आणि आटा त्याच्या पोटातच असतो, तिथं एका बाजूला अमेरिकन आणि दुसऱ्या बाजूला दहा बाय एक असा जोड कातून घ्यावा. तयार जोड जस्ताच्या मिश्रणाचेही मिळतात, चमकतात छान, ते घेऊ नका. वजनाखाली पितळच पाहिजे.

काच आणि नट यांच्यामध्ये रबरी वायसर हवा, हे सांगायला नको. आणि भोकात दांडी काचेला टेकू नये म्हणून प्लॅस्टिकची बुशी. बाजूच्या तीन स्क्रूंनाही हाच आजार आहे, अमेरिकन स्क्रू आपल्या 4 मिलिमीटरच्या स्क्रूपेक्षा किंचित जाड, पण तिथं स्क्रू बदलून काम भागतं, त्यात जीव अडकत नाही.

मावशींची घुंडी घेऊन निघताना लेथवाल्यानं हाक मारली. लाल दोऱ्याचा तुकडा त्याला हवा होता. मी त्यातला दोन इंच कापून दिला. त्यानं तो दोऱ्यासकट पिच गेजच्या पेटीत टाकला आणि पेटीवर खडूनं लिहिलं, ‘दहा नाही’.