नाताळच्या तारखांचा गुंता

रशिया, सर्बिया, जॉर्जिया इथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ७ जानेवारीला नाताळ साजरा करतात, आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला आणि बाकीचे बहुतेक पंथ २५ डिसेंबरला. त्यामुळे येशूच्या जन्मदिवसाबद्दल या सगळ्यांत मतभेद असावेत, असं अनेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. ७ जानेवारीला नाताळ करणाऱ्यांच्या हिशेबानेही त्या दिवशी २५ डिसेंबरच असतो, कारण त्यांचं कॅलेंडर जुनं आहे. दिवसच निराळा मानतं ते आर्मेनियन चर्च, आणि त्यामागचं कारण कॅलेंडरच्या वादापेक्षा हजारएक वर्षांनी जुनं आहे.

शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रकथांत, जन्माची तारीख कुठेच नाही. मत्तय आणि लूक जन्मकथा सांगतात, पण महिनासुद्धा देत नाहीत. सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजाचं सारं लक्ष पुनरुत्थानाकडे, म्हणजे येशू मरणातून पुन्हा उठण्याकडे, होतं. इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती विद्वान क्लेमेंट लोकांत चालणाऱ्या काही तारखा नोंदवतो. त्यांतली एक २० मेच्या जवळची आहे. २५ डिसेंबर त्यांत नाही. हा दिवस पहिल्यांदा स्पष्टपणे दिसतो तो रोममध्ये, इ.स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात. त्यातली नोंद बहुधा ३३६ मधली आहे.

२५ डिसेंबरच का? सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये प्रतिष्ठा दिलेल्या अजिंक्य सूर्यदेवाचा उत्सव त्या दिवशी असे, तोच ख्रिस्ती लोकांनी आपलासा केला, असं एक मत आहे. दुसरं मत गणिताचं. येशूचा मृत्यू आणि गर्भधारणा एकाच तिथीला झाली अशी त्या काळी एक समजूत होती. पश्चिमेत ती तारीख २५ मार्च धरली गेली. तिथून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. पूर्वेत काहींनी ६ एप्रिल धरला, म्हणजे जन्म ६ जानेवारीला. मला हे दुसरं मत अधिक पटतं, कारण सूर्यदेवाच्या उत्सवाने फक्त रोमची तारीख उलगडते, या हिशेबाने दोन्ही.

पूर्वेकडच्या अनेक चर्चमध्ये ६ जानेवारीला येशूचा जन्म आणि बाप्तिस्मा एकत्रच साजरे होत. पुढे रोमचा २५ डिसेंबर तिकडे पसरला. ३८६ च्या सुमारास अँटिओकमध्ये तिथला धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टोमने या नव्या सणाची बाजू प्रवचनातून हिरिरीने मांडली. जेरुसलेमने मात्र तो स्वीकारायला सहावं शतक उजाडलं. जन्म डिसेंबरात गेला आणि पूर्वेत ६ जानेवारीला बाप्तिस्म्याचा सण उरला. आर्मेनियन चर्चने ही फारकत कधी मानलीच नाही. तिथे आजही जन्माचा सण आणि बाप्तिस्म्याच्या स्मरणार्थ पाण्याला आशीर्वाद देण्याचा विधी एकाच दिवशी होतात.

आता कॅलेंडर. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४५ मध्ये लागू केलेलं वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं होतं. खऱ्या सौर वर्षापेक्षा ते सुमारे ११ मिनिटांनी मोठं. हा फरक साचत गेला आणि सुमारे १२८ वर्षांत एक दिवस, या गतीने सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान होण्याचा दिवस) २१ मार्चऐवजी ११ मार्चवर आला. ईस्टरचं सारं गणित या संपातावर बांधलेलं, म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दहा दिवस गाळले: ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. शिवाय ४०० ने भाग न जाणारी शतकवर्षं लीप मानायची नाहीत, असा नियम केला.

सुधारणा खगोलशास्त्राच्या दृष्टीने अचूक होती, पण ती पोपची होती. प्रोटेस्टंट ब्रिटनने ती १७५२ पर्यंत टाळली. रशियाने १९१८ मध्ये सरकारी कॅलेंडर बदललं, पण तिथल्या चर्चने नाही. १७००, १८०० आणि १९०० ही वर्षं ज्युलियन (सीझरच्या) हिशेबात लीप, ग्रेगोरियनमध्ये (ग्रेगरींच्या) नाहीत. त्यामुळे दहा दिवसांचं अंतर आता तेरा झालं आहे. २१०० मध्ये ते चौदा होईल आणि २१०१ पासून हाच नाताळ ८ जानेवारीला पडेल. इजिप्तचे कॉप्टिक आणि इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तेरा महिन्यांची आपापली कालगणना पाळतात, पण तिथेही दर चौथं वर्ष लीप असल्याने त्यांचा नाताळ ७ जानेवारीलाच येतो.

बेथलेहेममध्ये हा सगळा इतिहास एका महिन्यात पाहायला मिळतो. कॅथलिकांचा नाताळ २५ डिसेंबरला, ग्रीक ऑर्थोडॉक्सांचा ७ जानेवारीला आणि आर्मेनियनांचा १९ जानेवारीला, कारण जेरुसलेमची आर्मेनियन गादी ६ जानेवारीही ज्युलियन कॅलेंडरनेच मोजते.

ऑर्थोडॉक्स जगातही एकवाक्यता नाही. १९२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत सर्बियन शास्त्रज्ञ मिलुतिन मिलान्कोविच यांनी सुधारित ज्युलियन कॅलेंडर मांडलं. ते २८०० पर्यंत ग्रेगोरियनशी जुळतं, आणि तरी ते पोपचं नाही. ग्रीस, रोमानिया आणि पुढे बल्गेरियाच्या चर्चनी ते घेतलं, म्हणून त्यांचा नाताळ आपल्या २५ डिसेंबरला असतो. ईस्टर मात्र ते जुन्या गणितानेच ठरवतात. ग्रीसमधल्याच माउंट अथॉसच्या मठांनी हा बदल नाकारला.

हा प्रश्न किती जिवंत आहे, ते युक्रेनने दाखवलं. रशियाच्या आक्रमणानंतर, जुलै २०२३ मध्ये, तिथल्या नाताळची सरकारी सुट्टी कायद्याने २५ डिसेंबरला नेण्यात आली आणि १ सप्टेंबरपासून युक्रेनच्या स्वतंत्र ऑर्थोडॉक्स चर्चने सुधारित कॅलेंडर स्वीकारलं. ज्या पॅरिशना (स्थानिक चर्चमंडळींना) जुनंच हवं होतं त्यांना ते ठेवण्याची मुभा मिळाली. मॉस्कोच्या परंपरेतलं दुसरं ऑर्थोडॉक्स चर्च ७ जानेवारीवरच राहिलं.